वाणाची खसखस

लग्नानंतर जेमतेम पंधरवडाभर सोबत राहून श्रीकांत आखातात त्याच्या नोकरीवर परत गेला, आणि माझा व्हिसा येईपर्यंत मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आईबाबांकडेच राहिले. सासर उज्जैनला, नवरा समुद्रापलीकडे आणि मी माहेरी, असा तो विचित्र काळ होता. गल्लीतल्या बायका भाजी घेता घेता विचारायच्या, "क्यों बिटिया, कब की फ्लाइट है?" आणि मी हसून काहीतरी सांगून टाकायची. खरं सांगायचं तर तो व्हिसा येऊच नये असं मला मनातून वाटत असे. नवरा आवडला नव्हता असं नाही. पण ज्या माणसाला आमटी तिखट लागते की गोड हेही मला नीट ठाऊक नव्हतं, त्याच्याबरोबर वाळवंटातल्या एका बंद फ्लॅटमध्ये राहायचं, आणि काही झालं तर आईला हाक मारली तरी ऐकू जाणार नाही, या विचाराने जेवताना घास तोंडात फिरायचा. मी भित्रीच होते. आजही आहे, फक्त आता माझं वय असं आहे की लोक त्याला काळजी म्हणतात.

व्हिसा आला तो ऐन उन्हाळ्यात, अधिक महिना लागता लागता. बाबांनी त्याआधीच लालबागच्या मेळ्यातून एक मोठी निळी बॅग आणून ठेवली होती. ती पुढच्या खोलीत, कूलरच्या समोर, तोंड उघडं टाकून बसली आणि मग घरातल्या सगळ्यांच्या हालचाली तिच्या आजूबाजूने सुरू झाल्या. बाबा पेपर वाचायला बसले की पाय तिच्यावरून टाकून बसत. दादा ऑफिसातून आला की आधी तिच्यात डोकावून "आज क्या नया माल आया?" असं विचारत असे. बाबा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते, म्हणजे विणून आलेलं कापड उजेडासमोर धरून त्यातले दोष हुडकायचे, हे त्यांचं जन्मभराचं काम. मिल केव्हाच बंद पडली होती, भोंगाही वाजत नव्हता, तरी त्या वेळेला ते घड्याळाकडे बघायचेच. माझ्या साड्या आल्या तेव्हा त्यांनी एकेक साडी खिडकीशी उलगडून बघितली आणि दोन साड्यांत धागा सुटल्याचं सांगून दुकानदाराकडे परत नेऊन दिल्या. आईला त्याचा राग आला, कारण त्यातली एक तिला फार आवडली होती.

आईचा सगळा जीव मात्र बॅगेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होता. "तिकडे काही ढंगाचं मिळतं की नाही, क्या पता," हे तिचं पालुपद. म्हणून रोज सकाळी स्वयंपाकघरातून भाजण्याचा, कुटण्याचा नाहीतर तळण्याचा वास येई, आणि रोज संध्याकाळी एक नवा डबा बॅगेत जाऊन बसे. गोडा मसाला झाला. मेतकूट झालं. डिंकाचे लाडू झाले, ते उन्हाळ्यात कोण खातं असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "तिथे एसी असतो चोवीस तास, नीलूला थंडी वाजेल." करंज्या झाल्या, बाकरवड्या झाल्या, कैरीचं लोणचं तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून झालं. ती बोलायची कमी. माझ्या जाण्याबद्दल तर एक अक्षर बोलत नव्हती. पण करंजीची कड कातताना तिचा हात मध्येच थांबे, आणि मला वाटे, हिलाही माझ्यासारखीच भीती वाटते आहे, आणि ही भीती ती तळून, भाजून, डब्यात घालून झाकण लावून टाकते आहे.

माझा मामा नीमचला असे. त्या भागात खसखस पिकते, त्यामुळे आमच्या घरी ती वाटीने नाही, पिशवीने येत असे. माळव्यातल्या घरात खसखशीचं काही अप्रूप नसतं. उन्हाळ्यात ती भिजवून वाटून सरबतात, पाहुणे आले की रश्शात, बाळंतिणीला खिरीत, आणि कोणाला झोप लागत नसली तरी पुन्हा खसखसच. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या जगात स्वयंपाकघराच्या फरशीवर उघडे पाय ठेवले की तळव्याला बारीक दाणे टोचतात.

तर अधिक महिना. तो तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यात जावयाला वाण देतात हे आपल्याकडे सांगायला नको. माझ्या लग्नानंतरचा तो पहिलाच अधिक. तीस-तीन अनारसे, ताटात, दिव्यासकट जावयाच्या हातात द्यायचे. जावई आखातात. पण मुलगी त्याच महिन्यात त्याच्याकडे निघालेली, यात आईला देवाचीच योजना दिसली. "हे तर बघ, वाण आपल्या पायांनी चाललंय," ती म्हणाली, आणि त्या दिवसांत ती हसलेली मला तेवढी एकदाच आठवते. तांदूळ भिजत पडले. उन्हाळा असल्यामुळे पाणी आंबेल म्हणून ती सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायची. मग ते पंच्यावर पसरून सावलीत वाळवले, दमट असतानाच कुटले, चाळले, गूळ घालून त्याचा गोळा डब्यात दाबून ठेवला. ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना माहीत आहे की हा पदार्थ शेवटपर्यंत भरवसा देत नाही. तुपात सोडला आणि विरघळून पसरला की संपलं; अनारसा हसला म्हणतात त्याला. तळायच्या दिवशी आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, कोणाला आत येऊ दिलं नाही. मी दाराबाहेर जमिनीवर बसून तुपाचा आवाज ऐकत होते. खसखशीवर थापलेला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून, झाऱ्याने वरून तूप उडवत तळायचा, उलटायचा नाही. एकही हसला नाही. दार उघडलं तेव्हा आईचा चेहरा घामाने चिंब झाला होता आणि परातीत ते सगळे सोनेरी, जाळीदार, पांढऱ्या दाण्यांनी भरलेले अनारसे कागदावर निथळत होते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला घरी बोलावलं, कारण वजनाचा आकड्याचा काटा त्याच्याकडेच होता. त्याने काटा दाराच्या चौकटीला अडकवला, दादाने आणि त्याने मिळून बॅग उचलली, आणि चौकट करकरली. "भिया, इसमें क्या है, पूरा इंदौर पैक कर दिया क्या?" रद्दीवाला म्हणाला. वजन जास्त भरलं. मग काय काढायचं यावर वाद झाला, आणि आईने माझ्या दोन साड्या, चपलांचा जोड आणि बाबांनी दिलेला जाडजूड शब्दकोश बाहेर काढून ठेवला. अनारशांच्या डब्याला तिने कोणाला हात लावू दिला नाही. मी चपला परत आत घातल्या तर तिने त्या पुन्हा काढल्या. रद्दीवाला चहा पिऊन गेला.

दुपारी फोन वाजला. बाहेरगावच्या फोनची घंटा लांब वाजायची, त्यामुळे उचलण्याआधीच कळलं की श्रीकांत आहे. आम्ही फोनवर नेहमी घाईत आणि जरा परक्यासारखे बोलायचो. त्याने पासपोर्ट, तिकीट, मुंबईची गाडी सगळं विचारलं, आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "आणि आईंनी काय काय दिलंय?" मी मोठ्या हौसेने सांगायला लागले. लाडू, करंज्या, लोणचं. मग जरा लाजत म्हटलं, "आणि तुमचं वाण. आईने अनारसे केलेत."   तो लगेच म्हणाला, "नीलिमा, अनारशांना खसखस लावलीये?"

"म्हणजे काय, लावलीच आहे."

"घाबरू नकोस, पण नीट ऐक," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातच भीती होती. त्याने सांगितलं की तिथे खसखस आणायला बंदी आहे. तिथल्या कायद्यात ती अफूबरोबरच धरतात. शिजवलेली असो, भाजलेली असो, चिमूटभर असो. त्याच्या ओळखीच्या एकाच्या सामानात एक छोटी पुडी निघाली होती, त्याच्या आईने मसाल्यासाठी दिलेली, आणि तो माणूस अजून आत होता. "एक दाणासुद्धा नको. बॅगेत, पर्समध्ये, कपड्यांत, कुठेच नको. समजलं? मला आधी सांगायला हवं होतं गं. माझ्या लक्षातच आलं नाही." मग लाइन तुटली.

मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. बाबांनी विचारलं, दादाने विचारलं, मी सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिने ऐकलं. ती म्हणाली, "फालतू काहीतरी. खसखस काय, देवाच्या प्रसादाला लागते."  बाबांना कायद्याची फार धास्ती असे. मिल बंद पडल्यावर कोर्टाच्या तारखांना जाऊन जाऊन ती आणखी वाढली होती. ते उठले, त्यांनी पुढचं दार लावून कडी घातली, जणू कोणीतरी आत्ताच धाड टाकायला येणार आहे, आणि म्हणाले, "बॅग खाली करा."

आज माझी मुलगी परदेशी जाते तेव्हा मोबाइलवर बघून सांगते, हे चालतं, हे चालत नाही, आणि पाच मिनिटांत मोकळी होते. तिला ती दुपार समजावून सांगता येत नाही. आम्ही चौघं एका पांढऱ्या चादरीभोवती बसलो. आधी अनारशांचा डबा बाजूला गेला. मग बाबा म्हणाले, "आणि कशाकशात आहे?" आई डब्यांकडे बघू लागली. "अगं, ठीक से आठव." आईने करंज्यांचा डबा उचलून बाजूला ठेवला, सारणात होती. मग डिंकाचे लाडू. मग बाकरवड्या. दादा म्हणाला, "चला, मसाला तरी राहिला," आणि आईने मान खाली घालून गोड्या मसाल्याची बरणीही पलीकडे सरकवली. एकेक करून सगळे डबे चादरीच्या त्या बाजूला गेले, आणि या बाजूला मेतकूट आणि लोणचं राहिलं. बाबांनी जरा विचार करून विचारलं, "मेतकूट कशात कुटलं?" ज्या खलबत्त्यात मसाला कुटला होता त्यातच. मेतकूटही गेलं. लोणच्यात खसखस नव्हती, पण पिशवीवर बाहेरून दोन दाणे चिकटलेले दिसले, आणि मग कोणाचाच कशावर विश्वास राहिला नाही.

त्या दुपारची भीती मला अजून अंगात आठवते. वाईट काही घडेल अशी नुसती शंका होती तोवर ती माझी एकटीची होती. आता तिला नाव मिळालं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर ती दिसू लागली. मी डोळे मिटले की मला एक लांबलचक टेबल दिसे, त्याच्यामागे गणवेशातली माणसं, आणि माझी उघडी बॅग. मला त्यांची भाषा येत नाही. मी म्हणते आहे की हे वाण आहे, अधिकाचं वाण आहे, आणि वाण म्हणजे काय हे मला कोणत्याच भाषेत सांगता येत नाही. मी दोनदा मोरीत जाऊन उलटी केली. बाहेर आले तेव्हा बाबा साड्या खिडकीशी धरून बघत होते. एक एक साडी पूर्ण उलगडायची, उजेडासमोर धरायची, पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवत न्यायची, झटकायची, पुन्हा धरायची. मिलमध्ये ते कसे काम करत असतील ते मी त्या दिवशी पाहिलं.  एका साडीच्या घडीत त्यांना एक दाणा सापडला, तो त्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन आम्हाला दाखवला.

मग ठरलं की सगळं धुवायचं. नवी कोरी साडीसुद्धा. शालू धुता येईना म्हणून तो मागेच ठेवला. दादा बॅग गच्चीवर घेऊन गेला, ती उलटी करून त्याने काठीने बडवली, मग बादल्यांनी पाणी ओतून धुतली. अस्तराला एका कोपऱ्यात शिवण उसवली होती, आत काय गेलं असेल कोण जाणे, म्हणून त्याने अस्तर कात्रीने कापूनच टाकलं. मध्येच त्याला वाटलं की शेजारून दुसरी बॅग मागून आणावी. आई म्हणाली, "कोणाकडून आणणार? या गल्लीत कोणाच्या घरी खसखस नाही?" तेही खरं होतं. ज्येष्ठाच्या उन्हात कपडे बघता बघता वाळले, कडक झाले. वरच्या मजल्यावरच्या तिवारी भाभींनी कठड्यावरून विचारलं, "दीदी, आज पूरी दुकान सुखा दी?" आई म्हणाली, "धूळ बहुत थी." ती शेजारणीशी खोटं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

संध्याकाळी मला ती दिसेना, म्हणून मी शोधत गेले. स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाट घेऊन बसली होती. पुढ्यात वाणाचे अनारसे, हातात सुरी. एकेक अनारसा तळहातावर धरून ती त्याच्यावरची खसखस खरवडत होती. पण खसखस तुपात तळून अनारशात पार रुतलेली असते. दाणे निघत होते थोडे, आणि बाकी अनारशाचा भुगा होत होता. ताटात त्या भुग्याचा ढीग झाला होता. मी म्हटलं, "आई, राहू दे. नाही न्यायचे." ती म्हणाली, "पहिल्या अधिकात जावयाला वाण गेलं नाही तर..." आणि पुढचा अनारसा उचलला. बाबा मागून आले. ते तिच्याशी नेहमी जरा चढ्या आवाजात बोलायचे, त्या दिवशी एकदम हळू बोलले. "देवापुढे ठेव. श्रीकांतरावांच्या नावानं ठेव. त्यांना वाणाची नाही, पोरीची गरज आहे." आईने सुरी खाली ठेवली. जे अनारसे अजून धड होते ते तिने ताटात लावले, दिवा लावला, आणि देवापुढे ठेवून नमस्कार केला. मग तिने हात धुतले. साबणाने धुतले, मग पिठाने चोळून धुतले, मग पुन्हा साबणाने. रात्री जेवायला वाढण्याआधी पुन्हा धुतले. जेवणात खिचडी होती आणि ती कोणालाच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. बॅग भरायला वेळच लागला नाही. कपडे, कागद, औषधं, पर्समध्ये सराफ्यातून गाठवून आणलेलं मंगळसूत्र नको म्हणून ते गळ्यातच घातलेलं. निळी बॅग अर्धी रिकामी, अस्तर नसलेली, उचलली तर हाताला काही वजनच लागत नव्हतं. एवढे दिवस आई त्या बॅगेत काही ना काही घालत होती, आणि आता ती बॅगेपासून लांब, दाराशी उभी राहून बघत होती. दादाने मला विचारलं, "तू ठीक आहेस ना यार?" मी हो म्हटलं. मला वाटत होतं, आत्ता कोणीतरी म्हणावं की नको जाऊस. कोणी म्हटलं असतं तर मी बॅग तिथेच टाकून पलंगावर जाऊन झोपले असते.

निघताना नमस्कार करायची वेळ झाली. मी बाबांना केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. आईकडे वळले तर ती नहाणीच्या दाराशी हातातल्या काचेच्या बांगड्या उजेडाला धरून बघत होती. सकाळीच न्हाऊन तिने धुतलेली साडी नेसली होती. तरी दोन बांगड्यांच्या मधल्या फटीत एक पांढरा दाणा बसला होता. तिने तो नखाने काढला, नळाखाली हात धरला, आणि मी जवळ जाते आहे हे बघून एक पाऊल मागे सरकली. "लांबूनच कर," ती म्हणाली. मला कळलं नाही. मी पुढे गेले. "नीलू, लांबूनच. माझ्या अंगावर कुठे असेल तर?" तिने हात पाठीमागे घेतले होते. मी दोन फरशा सोडून वाकले आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला.

स्टेशनवरही ती तशीच. बाबा आणि तिवारी भाभींचे मिस्टर सामान चढवत होते, दादा माझ्याबरोबर मुंबईपर्यंत येणार होता. आई प्लॅटफॉर्मवर खांबाशी उभी. आजूबाजूला सगळ्या आया पोरींना कवटाळून रडत होत्या, माळव्यात या बाबतीत कोणी हात आखडता घेत नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढला. ती पुढे आली, अगदी खिडकीखाली आली, आणि हात मात्र पदराखालीच ठेवले. "पाणी पीत जा," म्हणाली. "जास्ती चक्करमध्ये पडू नको, ते विचारतील तेवढंच सांग." गाडी हलली तेव्हा तिचा एक हात बाहेर आला आणि अर्ध्यातच थांबला. मला तिचा फार राग आला. एवढ्या मोठ्या जगात मला पाठवतेस आणि एका दाण्याला घाबरून जवळही घेत नाहीस, असं मनात येऊन मी रतलामपर्यंत रडत होते. दादा बिचारा पेपर तोंडासमोर धरून बसला होता, आणि पान उलटत नव्हता.

विमानाबद्दल मला काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते पुढचं टेबल. ते मी मनात पाहिलं होतं तितकं लांब नव्हतं, पण माणूस गणवेशातच होता. त्याने माझी बॅग उघडली आणि थांबला. माझ्या आधीच्या बाईच्या सामानातून डब्यांची आणि पिशव्यांची रांग निघाली होती. माझ्या बॅगेत नुसते कपडे, तेही साबणाचा वास येणारे, आणि आतून अस्तर कापलेलं. त्याने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं, बॅग बघितली, आणि विचारलं, "नो फूड? नो पिकल?" मी मान हलवली. ते त्याला पटलं नाही. त्याने दुसऱ्या माणसाला बोलावलं. आमच्या सगळ्यांच्या सावधगिरीने मीच संशयित ठरले होते. दोघांनी मिळून एकेक साडी उलगडली, झटकली, अस्तर कुठे गेलं ते खुणेने विचारलं.  मी टेबलाची कड धरून उभी होते, नजर त्या झटकलेल्या साडीखालच्या काळ्या पत्र्यावर. काळ्या पत्र्यावर पांढरा दाणा लगेच दिसला असता. त्यांनी बॅगेच्या कोपऱ्यांत बोटं घालून फिरवली. मग पहिल्या माणसाने साड्यांचा गोळा आत कोंबला, चेन ओढली, आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर श्रीकांत उभा होता. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने माझ्या हातातून बॅग घेतली आणि त्याचा हात ओला लागला.  टॅक्सीत बसल्यावर तो म्हणाला, "मला झोप नाही आली दोन दिवस." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथे, या बाजूलाही माझ्यासाठी कोणीतरी घाबरलेलं होतं, आणि मग मला जरा बरं वाटलं.

फ्लॅटवर पोहोचल्यावर त्याने आधी इंदूरला फोन लावून दिला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला. आईच होती. तिने मी कशी आहे ते विचारलं नाही, प्रवास कसा झाला तेही नाही.

"बॅग उघडली का गं त्यांनी?"

"उघडली. सगळी उपसली."

"मग?"

"काही नाही निघालं, आई. एक दाणासुद्धा नाही."

लाइनवर खरखर सुरू होती.  श्रीकांत घड्याळाकडे बघत होता. मग आईचा आवाज आला, आणि तो इतका बारीक होता की मला दुसऱ्या कानावर हात ठेवावा लागला.

"म्हणजे मी तुला जवळ घेतलं असतं, तरी चाललं असतं."